दहा पेरं

"आज रात्री दहानंतर हिला काही खायला द्यायचं नाही बरं का, आई," मटणाचं पातेलं टेबलावर ठेवता ठेवता ममतानं सासूला सांगितलं. "उद्या सकाळी नऊची अपॉइंटमेंट आहे. उपाशी पोटी आणा म्हणालेत."

फुलाबाईंच्या हातातला मटणाचा तुकडा मांजरीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर थांबला.

"नखं काढायला उपास?"

"तसं लिहिलंय मेसेजमधे."

"आगं, माणसाला सुदीक नखं काढायची म्हणून कोण उपाशी ठेवत न्हाई. शनिवारी काढू नये म्हणत्यात, त्ये निराळं." फुलाबाईंनी तुकडा मांजरीपुढे टाकला. "खा गं कुणाफी. उद्या एकादशी हाय तुझी."

मांजरीचं नाव कुनाफा. दोन वर्षांपूर्वी दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या याच इमारतीखाली, एका गाडीच्या बॉनेटमधून ती ओरडताना सापडली, आणि ममताच्या मुलीनं, मालविकानं, आपल्या आवडत्या मिठाईचं नाव तिला देऊन टाकलं. फुलाबाईंना ते काही केल्या जमलं नाही. दोन महिन्यांपूर्वी पाथर्डीहून नातीकडे आल्यापासून त्यांनी तिची कुणाफी केली, आणि मांजर आता त्याच नावाला ओ देत होती.

गर्ज्यांच्या घरात आज सगळे एकत्र होते, याचंही कारण होतं. पुढच्या शुक्रवारी फुलाबाई आणि त्यांचा नवरा मच्छिंद्र कायमचे गावी निघणार होते. एकतीस वर्षं कतारमधे सोफ्याचं काम करून मच्छिंद्रनं नोकरी सोडली होती, आणि राहती खोली सोडून महिनाभरासाठी मुलाकडे, हर्षलकडे, राहायला आला होता. त्या महिन्यात तो गप्प बसला असेल तर शपथ. बैठकीच्या खोलीत त्यानं सुनेला न विचारता आठ माणसांचा सोफा उभा केला. सांगाड्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत सगळं एकट्यानं. सोफा देखणा होता, खोलीच्या मानानं अंमळ मोठा होता, आणि त्याचा डावा हात कुनाफानं पहिल्या आठवड्यातच ओरबाडून ठेवला होता.

तो हात पाहून तीन दिवसांपूर्वी फुलाबाई म्हणाल्या होत्या, "तिची नखं काढून आणा की कुठनं तरी." आणि ममतानं वेस्ट बेच्या ऑफिसातून, दोन मीटिंगांच्या मधल्या सात मिनिटांत, प्राण्यांच्या दवाखान्याला फोन केला होता. पलीकडच्या मुलीनं दोनदा विचारलं होतं, "रिमूव्ह्ड, मॅम? नॉट ट्रिम्ड?" ममता म्हणाली होती, "यस, यस, रिमूव्ह्ड. ऑल ऑफ देम." आता यात तिचं काय चुकलं? मराठी माणूस जन्मभर नखं काढतो आणि ती बिचारी पुन्हा येतात. इंग्रजीत काढलेलं परत येत नाही, हे त्या सात मिनिटांत कुणाच्या लक्षात येणार?

"मम्मा, गिव्ह मी द फोन," मालविका म्हणाली. ती अकरा वर्षांची होती, आणि उपास हा शब्द तिला खटकला होता. मराठी तिला सगळं समजे, उत्तर मात्र इंग्रजीतून येई. मेसेजखाली एक फॉर्म जोडला होता. तो कुणीही उघडला नव्हता. तिनं उघडला, वाचला, आणि ताट पुढे सरकवलं.

"इट्स नॉट नेल्स."

"म्हणजे?" हर्षलनं विचारलं.

"बाबा, दे कट द बोन. ऑन एव्हरी फ्रंट टो. टेन टोज."

ममतानं फोन हिसकावून घेतला. तिचा चेहरा उतरत गेला. फुलाबाई एकीकडून दुसरीकडे पाहत राहिल्या. "काय म्हंती पोरगी? मला सांगा की कुणीतरी."

"आई, ते नखं कापत नाहीत. नखाबरोबर ते बोटाचं..." ममताला शब्द आठवेना. ती नाशिकची, मराठी माध्यमात शिकलेली, तरी शब्द येईना. तिनं आपल्याच बोटाचं टोक चिमटीत धरून दाखवलं. "हे. इथपासून पुढचं."

"पेर?" फुलाबाई म्हणाल्या.

"हो. पेर."

"पेरं कापणार? दहा?" फुलाबाईंनी पदरानं हात पुसला. "आगं माझे आई. मी नखं काढ म्हनले व्हते. बोटं न्हाई!"

खरं तर इथे फोन करून अपॉइंटमेंट रद्द केली असती तर हे प्रकरण लिहायची गरज पडली नसती. ममतानं नंबर लावायला घेतलाही होता. पण हर्षल म्हणाला, "एक मिनिट. थांब जरा."

हर्षल वाचत होता. तो इंजिनिअर माणूस. काही वाईट दिसलं की आधी त्याचे फायदे-तोटे मांडायचे ही त्याची सवय. "पूर्ण भूल देऊन करतात. दोन आठवड्यांत बरी होते, असं लिहिलंय. आणि पुन्हा कधी प्रॉब्लेमच नाही. वन टाइम सोल्यूशन. ती कुठे बाहेर जाते? तिला काय उंदीर पकडायचेत? खाणं पॅकेटमधून येतं."

"बाबा, यू वॉन्ट टु कट हर फिंगर्स फॉर अ सोफा?"

"तो नुसता सोफा नाहीये, मालविका!"

तो एवढ्या मोठ्यानं बोलला की कुनाफा टेबलाखाली गेली.

ममतानं नवऱ्याकडे पाहिलं. चौदा वर्षांच्या संसारात तिनं त्याला घरातल्या वस्तूसाठी आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. गाडीला चरा पडला तरी खलास म्हणून मोकळा होणारा माणूस. आणि मग तिला कळलं. हर्षल सहा वर्षांचा असताना बाप इकडे आला. दोन वर्षांतून एकदा महिनाभर घरी. हर्षलच्या लहानपणी बाप म्हणजे एक बॅग, एक ब्लँकेट आणि फोनवरचा आवाज. एकतीस वर्षं त्या माणसाचे हात दुसऱ्यांच्या बैठकी सजवत राहिले, आणि या हातांनी मुलासाठी केलेली पहिली वस्तू त्या खोलीत उभी होती. आठ दिवसांनी ते हात विमानात बसणार होते.

म्हणून ममतानं बाजू बदलली. तिला मांजरीची दया नव्हती असं नाही. पण नवऱ्याची जास्त आली. "हे बघ पिल्लू," ती मुलीला म्हणाली, "नाहीतर मग तिला कुणाला तरी देऊन टाकावं लागेल. रोज सोफा फाडणार आणि रोज बाबा चिडणार, असं नाही चालणार ना?"

मालविकाच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडायला लागलं. ती टेबलाखाली शिरली आणि मांजरीला पोटाशी धरून तिथेच बसली.

"वा गं वा," फुलाबाई म्हणाल्या. "तोंड माझं आन शब्द माझा, आन कापाकापी तुमची? उद्या त्या मुक्या जनावरानं तळतळाट दिला तर कुणाच्या नावानं दील? फुलाबाईच्या. गावात मी बोलले म्हंजी शब्द मोडत न्हाई कुणी. हितं दोन म्हैन्यांत पहिल्यांदा माझा शब्द ऐकला, त्यो बी आसा!"

त्यांना हे मनापासून लागलं होतं. एकतीस वर्षं त्यांनी एकटीनं घर, शेत, अकरा शेळ्या आणि सासू सांभाळली होती. इथे आल्यावर भांडी मशीन घासे, कपडे मशीन धुई, आणि आई तुम्ही बसा हो, हे ऐकून ऐकून त्यांचे हात आंबले होते.

"आई, कुणी तुला दोष देत नाहीये," हर्षल म्हणाला. "पण दुसरा उपाय सांग ना."

"नखाला टोप्या घालतात," टेबलाखालून रडका आवाज आला. शब्द मराठीत होते, हे त्या गडबडीत कुणाच्याच ध्यानात आलं नाही. "सॉफ्ट कॅप्स. दे ग्लू देम ऑन."

"नखाला टोप्या!" फुलाबाईंना अशा वेळीही हसू फुटलं. "आन पायात मोजे?"

या सगळ्यात मच्छिंद्र कुठे होता? तो जेवणावरून उठून सोफ्यापाशी गेला होता. गुडघे टेकून, चष्मा कपाळावर चढवून, फाटलेल्या हातावरून बोट फिरवत होता. घरात कापाकापीची भाषा चालली असताना हा माणूस कापड वाचत होता. एकतीस वर्षांत त्यानं माणसांची भांडणं फारशी सोडवली नव्हती. पण सोफा का फाटला हे त्याला न सांगता कळे.

"हर्षल, हिकडं ये."

हर्षल गेला.

"काय दिसतंय?"

"फाडलाय."

"आसं कसं? नीट बघ. वरनं खाली सरळ वढल्यात रेघा. शिवण एक तरी तुटली का? न्हाई. कडेच्या पायपिंगला लागली का? न्हाई. बसायच्या गादीवर एक वरखडा हाय का? त्यो बी न्हाई." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. "माझी शिवण आठ दिस मांजराला पुरून उरली. चुकलं ते कापड. जाड विणीचं घेतलं, दिसायला भारी म्हणून. नख रुतायला त्येच लागतं तिला. गिऱ्हाइकाला मी पहिला प्रश्न विचारतो, घरात लेकरं किती, जनावर हाय का. घरच्या गिऱ्हाइकाला विचारायचं राह्यलं. चूक माझी हाय, मांजराची न्हाई."

"अण्णा, तुमची चूक कशी? तुम्ही एवढं..." हर्षलनं फाटलेल्या रेघांवर तळवा ठेवला. "तुम्ही गेल्यावर इथे तुमचं एवढंच राहणार आहे. ते मला नीट ठेवायचंय. बस. एवढंच."

मच्छिंद्रनं मुलाकडे पाहिलं. मग डावा हात पुढे केला. मधल्या बोटाला शेवटचं पेर नव्हतं.

ते बोट हर्षलनं लहानपणापासून पाहिलं होतं, पण त्याबद्दल कुणी बोलत नसे. फोम कापायच्या मशीनवर गेलं, एवढंच घरी माहीत होतं.

"दवाखान्यात बी भूल दिली व्हती मला," मच्छिंद्र म्हणाला. "दोन आठवड्यांत बरा झालो. कागदावर. पण सा म्हैने टाचणी धरता येत न्हवती. आजून एसी जोरात आसला का जे पेर न्हाईच त्येच ठणकतं. मी तर हातानं काम करतो. ही त्या पेरांवर चालती. दहाच्या दहा जखमांवर उठून तिच्या शीच्या रेतीत पाय टाकायचा, उडी मारायची. आन का? तर मच्छिंद्राचं कापड फाटू नये!" त्याचा आवाज चढला. "माझ्या कामासाठी आजवर कुणाला कापावं लागलं न्हाई. जे गेलं ते माझं गेलं. आन मी काय सोफा हाय का रे? फोन कर, चार तासांत येतो मी."

टेबलाखालचं रडणं थांबलं होतं. ममतानं फॉर्म बंद केला. हर्षलनं बापाचा तो हात दोन्ही हातांत धरला.

"चल," मच्छिंद्रनंच हात सोडवून घेतला. "गाडी काढ. मालविका, मांजर आण. माप घ्यायचंय."

गर्ज्यांच्या घरात त्या दुपारी एका मांजरीचं माप घेतलं गेलं. मालविकानं कुनाफाला पुढचे पाय धरून भिंतीशी उभं ताणलं आणि मच्छिंद्रनं टेप लावला. ती गुरगुरत होती. "ऐंशी सेंटिमीटर," तो म्हणाला. "खांब नव्वदचा पाहिजे. पुरं अंग ताणता आलं पाहिजे तिला. आन बूड जड. हाललं का परत सोफ्याकडं जाईल."

बापलेक एशियन टाउनच्या बाजूला, कामगारांच्या वस्तीकडे गेले. हर्षल आठ वर्षं दोह्यात होता, पण वडिलांच्या भागात तो गाडीतून फारसा उतरला नव्हता. वडिलांना रस्त्यावरून घ्यायचं आणि रस्त्यावर सोडायचं. ऑफिसात कुणी विचारलंच तर तो सांगे, फादर इंटिरिअरमधे आहेत. खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

सोफ्याच्या सामानाच्या दुकानात दुकानदार अबूबकर गल्ल्यावर बसला होता. मच्छिंद्रला पाहताच तो उठला, नुसता उठला नाही तर बाहेर आला. "उस्ताद! आप तो इंडिया जा रहे थे!" मग हर्षलकडे वळून त्यानं एका दमात सांगून टाकलं की या बाजूच्या अर्ध्या कारागिरांना दाभण धरायला उस्तादांनी शिकवलंय, आणि ज्याचं काम बिघडतं त्याला तो अजूनही म्हणतो, जा, मच्छिंद्रभाईला विचार. हर्षल ऐकत राहिला. आपल्या बापाला उस्ताद म्हणतात हे त्याला वयाच्या सदतिसाव्या वर्षी, दोराच्या भेंडोळ्यांमधे उभं असताना कळत होतं, आणि त्याची छाती भरून येत होती. थोडी लाजही वाटत होती, ती स्वतःची.

मच्छिंद्र दोर बोटांत चोळून पाहत होता. नायलॉन बाजूला टाकला, सुती बाजूला टाकला. मग एक पिवळसर, खरखरीत दोर हाती आला आणि तो हसला. "सिसल सिसल म्हणत्यात हितं. आरं, ह्यो आपला घायपात. तुझ्या आज्याच्या बांधावर किती व्हता!"

खांब, लाकडाची जड फळी, दोर आणि दाट लवेचं, वीण न दिसणारं हिरवं कापड घेऊन दोघं परतले तेव्हा घरात भलतीच शांतता होती. फुलाबाई जमिनीवर बसल्या होत्या. मांडीवर टॉवेलमधे गुंडाळलेली कुनाफा, फक्त एक पंजा बाहेर. मालविका शेजारी टॉर्च धरून.

"दाबलं का नख बाहेर येतं, बघ," आजी सांगत होती. "आत लाल दिसतं तिथं जीव असतो. त्याला हात लावायचा न्हाई. पुढचं पांढरं, तेवढंच आपलं. शेळीची खुरं काढताना बी हेच. घाई केली का रगत."

नेलकटर वाजलं. वर्तमानपत्रावर पांढरी चंद्रकोर पडली.

"दहा!" मालविका ओरडली. "बाबा, आजीनं नखं काढली! सगळी! आता दर दोन आठवड्यांनी मी काढणार. आजीनं मला शिकवलं!"

फुलाबाईंच्या मनगटावर एक लांब ओरखडा होता. ममता हळद घेऊन मागे लागली, तर त्यांनी तिला झिडकारलं. "ऱ्हाऊ दे गं. काम केलेल्या हाताला लागतंच." दोन महिन्यांत त्या इतक्या ताठ बसलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या.

मग सोफ्याचा हात उघडला. पहिली पिन मच्छिंद्रनं उपसली तेव्हा हर्षलनं डोळे मिटले, दुसरी त्यानं स्वतः उपसली. नवं हिरवं कापड ताणून बसवताना त्यानं पहिल्यांदाच वडिलांच्या समोर बसून, ते सांगतील तसं कापड धरलं. ढिलं धरलं तर बाप म्हणे, "आजून वढ, यल्ला, इंजिनिअरसाहेब." खांबाला दोर ममतानं गुंडाळला, मोठ्या सोफ्यावरचा तिचा राग बहुतेक त्यातच जिरला, कारण एका वळशात आणि दुसऱ्यात फट नव्हती. खांब कोपऱ्यात ठेवू या, असं ती म्हणाली तेव्हा मच्छिंद्र म्हणाला, "न्हाई. जिथं तिला खाजवायचंय तिथंच. सोफ्याला चिकटून."

कुनाफा आली. आधी सोफ्याकडेच गेली, पंजा टाकला, हिरव्यावरून तो घसरला. ती वैतागली. मग खांबाचा वास घेतला, उभी राहिली, पूर्ण अंग ताणलं आणि घायपातावर खर्र खर्र सुरू केलं. कुणीही टाळी वाजवली नाही. सगळे तिथेच उभे राहून तो आवाज ऐकत राहिले.

हर्षलनं दवाखान्याला फोन लावला. अपॉइंटमेंट रद्द करायची आहे म्हटल्यावर फोन थेट डॉक्टरांकडे गेला. डॉ. रुकैया हिंदीतून बोलल्या, आणि त्यांचा सुटकेचा श्वास पलीकडून ऐकू आला. "शुक्रन! मैं तो कल आपको मना करनेवाली थी. बिना वजह मैं ये ऑपरेशन नहीं करती. नाखून कौन काटेगा?"

"मेरी माँ. काट भी दिए."

"अच्छा! और स्क्रॅचिंग पोस्ट? बाजारवाले हल्के होते हैं, गिर जाते हैं, फिर बिल्ली छूती नहीं."

"ये नहीं गिरेगा," हर्षल म्हणाला.

"अच्छी कंपनी का है? नाम बताइए, मैं दूसरों को भी बता दूँगी."

हर्षलनं खोलीत पाहिलं. वडील जमिनीवर बसून उरलेल्या पिना डबीत भरत होते. एकतीस वर्षं त्यांच्या प्रत्येक सोफ्याच्या तळाला कुणा दुसऱ्याच्या नावाचं लेबल लागलं होतं, आणि ते लावायचे तेही स्वतःच्या हातानं.

"गर्जे," तो म्हणाला.

"सॉरी?"

"गर्जे, डॉक्टर. उस्ताद गर्जे. मेरे पिताजी हैं." बापानं मान वर केली तसा त्यानं आवाज अजून मोठा केला. "स्पेलिंग लिख लीजिए. जी, ए, आर, जे, ई."